भागुजी सरपंचांचा शब्द पाळतो

गावाचं नाव चिंचखोपा, आणि तिथल्या माणसाचं नाव भागुजी. भागुजी भोळा होता. तसे गावात भोळे पुष्कळ होते, पण ते अधूनमधून शहाण्यासारखं वागायचे. भागुजीनं तशी चूक कधी केली नाही. त्याला जे सांगाल ते तो शब्दाला शब्द करायचा.

एकदा त्याची बायको ठकूबाई म्हणाली, "मी विहिरीवर जाऊन येते. कोपऱ्यात दूध झाकून ठेवलंय. त्याच्यावर लक्ष ठेवा."

भागुजी दुधासमोर मांडी घालून बसला. मांजर आलं. भागुजीनं लक्ष ठेवलं. मांजरानं झाकण पाडलं. भागुजीनं लक्ष ठेवलं. ठकूबाई परत आली तर भांडं कोरडं.

"दूध कुठं गेलं?"

"मांजराच्या पोटात. शेवटच्या थेंबापर्यंत लक्ष ठेवलं मी."

ठकूबाईनं कपाळावर हात मारून घेतला. तिला त्याची सवय होती.

त्या वर्षी गावात निवडणूक आली. दौलतराव सरपंचपदाला उभे राहिले. उंच माणूस, पांढरेशुभ्र कपडे, आवाज असा की पारावर बोलले तर वेशीपर्यंत ऐकू जावं. ते म्हणाले, "गावकऱ्यांनो, आता बदल! मी निवडून आलो तर प्रत्येक हाताला काम देईन!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भागुजीनं वाजवल्या नाहीत. तो आपल्या हातांकडे बघत होता.

दौलतराव निवडून आले. गुलाल उधळला, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी भागुजी त्यांच्या अंगणात जाऊन उभा राहिला. अभिनंदनाला आलेली शंभर माणसं तिथं बसली होती.

"काय रे भागुजी, काय काढलंस?"

"कामं न्यायला आलोय."

"कसली कामं?"

भागुजीनं दोन्ही हात पुढं केले. "प्रत्येक हाताला काम म्हणालात ना. माझे हे दोन. उजव्याला जड दिलं तरी चालंल. डावा जरा नाजूक हाय."

शंभर माणसं हसली आणि मग गप्प झाली, कारण सरपंच आता काय म्हणतात ते त्यांना ऐकायचं होतं. पहिल्याच दिवशी नाही म्हणायचं कसं? दौलतराव हसले. "जा, ग्रामपंचायतीत शिपाई म्हणून लाग. उजव्या हातानं झाडू मार, डाव्या हातानं सुपली धर. झाली दोन कामं!"

भागुजी खूश झाला. दिलेला शब्द खरा झालेला गावातला तो पहिला माणूस. बरेच दिवस तो शेवटचाही होता.

दौलतरावांनी त्याला कचेरीची रीत शिकवली. "हे बघ, इथं रोज माणसं येतात. कुणी रस्ता मागतं, कुणी दिवा मागतं. कुणालाही नाही म्हणायचं नाही. 'होईल, बघतो' म्हणायचं. मग अर्ज लिहून मागायचा. आणि हसतमुखानं हाताला धरून दारापर्यंत पोचवायचं."

भागुजीनं ते मनात घट्ट धरलं.

आठ दिवस कारभार झकास चालला. माणसं तोंड पाडून येत आणि हसत जात. काम कुणाचंच झालं नाही, पण तक्रारही कुणी केली नाही. दौलतराव म्हणाले, "भागुजी, तू फार पुढं जाशील."

नवव्या दिवशी दुपारी दौलतराव कचेरीत बसून भाकरी आणि लसणाचा ठेचा खात होते. घास चुकला. ठसका लागला. डोळे लाल, तोंड लाल.

"पाणी... भागुजी, पाणी!"

"होईल, बघतो," भागुजी म्हणाला. "अर्ज आणलाय का?"

दौलतरावांनी नुसते हात हलवले.

"तोंडी चालत न्हाई साहेब. लिहून द्या. खाली सही करा."

दौलतराव टेबलावर आपटू लागले. भागुजीनं हसतमुखानं त्यांच्या हाताला धरलं आणि त्यांना दारापर्यंत पोचवलं. बाहेर गुरांचा हौद होता. गावाचे सरपंच तिथं एका म्हशीशेजारी तोंड घालून पाणी प्याले.

श्वास परत आला तसे ते ओरडले, "गाढवा! घसा कोरडा पडला म्हणणाऱ्याला अर्ज मागतोस? अशा वेळी एक अक्षर बोलायचं नाही! जिथं पाणी असेल तिथून उचलायचं आणि त्याच्यापुढं आणून ओतायचं!"

"चुकलं साहेब. पुढच्या बारीला तसंच करतो."

संध्याकाळी ठकूबाईनं विचारलं, "आज काय शिकलात?" त्यानं सांगितलं. ती म्हणाली, "ह्यात तरी तुम्ही घोळ घालू नका म्हंजे झालं. नोकरी टिकली पायजे." भागुजी म्हणाला, "एवढं सोपं हाय, घोळ कसा व्हईल?"

महिनाभरानं वरच्या आळीच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन कचेरीवर आल्या. पुढं साळूबाई होती. ती बोलायला लागली की दौलतरावांचा आवाजसुद्धा लहान वाटायचा. दौलतरावांनी घरोघरी नळ देईन म्हणून सांगितलं होतं, आणि नळ दिलेही होते. पितळी तोट्या होत्या, चकचकीत. फक्त पाणी नव्हतं.

"सरपंच, तोट्या घासून घासून हात दुखले," साळूबाई म्हणाली. "पाणी कवा सोडताय? घसे कोरडे पडलेत आमचे!"

दौलतराव उठले, हात जोडले आणि बोलायला लागले. "माझ्या आयाबहिणींनो, पाणी हा माझ्या काळजाचा विषय आहे..."

घसे कोरडे पडलेत, एवढं भागुजीनं ऐकलं. एक अक्षर न बोलता तो निघाला. गावात पाणी कुठं होतं, ते सगळ्यांना माहीत होतं. वेशीबाहेर दौलतरावांचा नवा बंगला होता. बंगल्यापुढं हिरवळ होती आणि हिरवळीला नि घरातल्या टाकीला मिळून रोज एक टँकर लागायचा. टँकर नुकताच येऊन उभा होता. भागुजी ड्रायव्हरशेजारी चढून बसला आणि म्हणाला, "कचेरीवर घ्या. सरपंचांचा हुकूम हाय."

दौलतरावांचं भाषण अजून काळजापाशीच होतं, तेवढ्यात टँकर दारात आला. भागुजीनं टँकरची तोटी सोडली आणि बायांच्या पुढ्यात पाणी ओतलं. बायांनी घागरी लावल्या, हंडे आणले, कळश्या आणल्या. शेवटी एकीनं पोराला घातलेलं टोपडंसुद्धा भरून घेतलं.

"सरपंच बोलले आणि पाणी आलं!" साळूबाई ओरडली. "असा माणूस न्हाई बघितला!"

बायांनी दौलतरावांना ओवाळलं. दौलतराव हसत होते. तिकडं बंगल्यात त्यांच्या बायको तोंडाला साबण लावून नळाखाली बसल्या होत्या, आणि नळ नुसता फुसफुसत होता.

बाया गेल्यावर दौलतरावांनी भागुजीला आत ओढलं. "अरे, लोकांचं काम असं एकदम करायचं असतं का? त्याला पद्धत असते! आधी पाहणी करायची. मग समिती नेमायची. मग समितीनं अहवाल द्यायचा. तोवर कशाला हात लावायचा नाही!"

"चुकलं साहेब. पाहणी, समिती, अहवाल. तोवर हात न्हाई लावायचा."

दिवस गेले, वर्षं गेली. पाणी काही परत आलं नाही, पण समित्या पुष्कळ झाल्या.

मग दौलतरावांनी गावाला दवाखाना आणायचं ठरवलं. म्हणजे दवाखान्याचं भूमिपूजन आणायचं ठरवलं. आमदारसाहेब येणार होते. माळावर पुरुषभर खोल खड्डा खणून घेतला. आदल्या दिवशी दौलतराव भागुजीला घेऊन तयारी बघायला गेले. "इथं आमदार उभे राहतील," ते म्हणाले, "आणि त्यांच्या शेजारी असा मी..." असं म्हणत ते एक पाऊल मागं सरकले आणि खड्ड्यात गेले.

"भागुजी! हात दे!"

भागुजीनं हात मागं घेतला. "तोवर हात न्हाई लावायचा, साहेब. आधी पाहणी."

तो खड्ड्याभोवती तीन वेळा फिरला. पावलं मोजली. वाकून आत बघितलं.

"अरे पाहणी कसली करतोस! मी तुझ्यासमोर आहे!"

"व्हय, दिसताय. आता समिती आणतो."

तो गावात गेला आणि पाच माणसं घेऊन आला. सोनटक्के गुरुजी, शिंपी, देवळातले गुरव, गिरणीवाला आणि साळूबाई. समिती लिंबाखाली बसली. चहा मागवला. शिंपी म्हणाला, खड्डा सात फूट असावा. गिरणीवाला म्हणाला, सहा. साळूबाई म्हणाली, खड्डा कितीही असू दे, आधी आमच्या पाण्याचं काय ते त्यांना विचारा, आत्ता कुठं जाणार न्हाईत. आतून दौलतराव काहीबाही बोलत होते, पण समितीचं काम चालू असताना मध्ये बोलायचं नसतं.

शेवटी गुरुजींनी सुवाच्य अक्षरात अहवाल लिहिला आणि भागुजीनं खड्ड्याच्या काठावर उभं राहून तो वाचला. "खड्डा आहे. खड्डा खोल आहे. आत सरपंच आहेत. ते आपणहून आत गेले असे समितीचे मत पडले. त्यांना बाहेर काढावे की कसे, याबद्दल समितीत दोन मते आहेत."

तेवढ्यात एक म्हातारी सरपणाची मोळी घेऊन चालली होती. तिनं मोळी सोडली, दोर आत टाकला आणि झाडाला एक वेढा देऊन सरपंचांना वर काढलं. तिला पद्धत माहीत नव्हती.

दौलतरावांच्या कपड्यांचा पांढरा रंग गेला होता. "मूर्खा," ते धापा टाकत म्हणाले, "माणूस खाली दिसला की पाहणी नाही, समिती नाही! हाताला धरायचं आणि वर घ्यायचं! कळलं?"

"कळलं साहेब. खाली दिसला की वर घ्यायचा."

त्या संध्याकाळी ठकूबाई हे ऐकून इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "उद्या तरी जपून. उद्या आमदार हायेत."

दुसऱ्या दिवशी माळावर मोठा मांडव घातला होता. व्यासपीठ बांधलं होतं दौलतरावांच्या मेव्हण्यानं. वर आमदार, दौलतराव, खुर्च्या, गाद्या. खाली सगळा गाव धुळीत मांडी घालून बसलेला. भागुजी व्यासपीठाच्या पायरीशी उभा होता. त्यानं समोर बघितलं. आणि त्याला भोवळच आली. एवढी माणसं खाली!

त्यानं पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याच्या हाताला धरलं आणि वर घेतलं. मग त्याच्या शेजारचा. मग त्याच्या शेजारची. बोलावल्यावर कोण नाही म्हणतं? वर सावली होती, गाद्या होत्या. दहा झाले, वीस झाले, पन्नास झाले.

आमदार बोलत होते. त्यांनी मागं वळून बघितलं आणि गहिवरले. "बघा, हे प्रेम बघा! समाजातला शेवटचा माणूस आज वर येतोय!"

"शेवटचा अजून लांब हाय साहेब," भागुजी म्हणाला. "तिकडं लिंबापाशी. त्यालाबी आणतो."

दौलतराव खुणा करत होते. भागुजीला वाटलं, घाई कर म्हणतायत. त्यानं दोन्ही हातांनी माणसं घ्यायला सुरुवात केली. साळूबाई वर आली तेव्हा व्यासपीठ कुईं करून वाजलं. गिरणीवाला आला तेव्हा ते डावीकडं कललं. आणि शिंप्यानं पाय ठेवला, तोही नुसता एकच पाय, आणि सगळं व्यासपीठ बसलं. म्हणजे आधी उभं होतं, ते बसलं.

कुणाला लागलं नाही. गाद्या होत्या ना. पण धुरळा खाली बसला तेव्हा आमदारसाहेब गिरणीवाल्याच्या मांडीवर होते. ते उठले, कपडे झटकले आणि एक शब्द न बोलता गाडीत बसून गेले. दवाखान्याचा नारळ तसाच राहिला. गावात सुई टोचायची तर नर्सबाई चिंचेखाली पेटी उघडून बसायच्या. त्या तशाच बसत राहिल्या.

दौलतरावांचा पाय मुरगळला होता. ते लंगडत भागुजीपाशी आले. ओरडायचीही ताकद उरली नव्हती. "अरे, माणसं कुठंही चढवायची असतात का? आधी जागा पक्की आहे का बघावं. भिंत ठोकून बघावी. छप्पर हलवून बघावं. पक्की असेल तिथंच माणसं न्यावीत. एवढंसुद्धा कळत नाही?"

"आता कळलं साहेब," भागुजी म्हणाला. त्याला फार वाईट वाटत होतं. सरपंचांच्या पायाला त्यानं स्वतः हळद लावली.

बघता बघता पाच वर्षं सरली आणि पुन्हा निवडणूक आली. दौलतराव पुन्हा पारावर उभे राहिले. लोक जरा कुरकुरत होते. दौलतरावांनी डोळ्यांना रुमाल लावला आणि ते म्हणाले, "बदल अर्धा झालाय, अर्धा राहिलाय! आणि मी कुणासाठी झटतो? मला माझं असं काय आहे? माझं घर ते तुमचं घर! माझं जे जे आहे ते गावाचं आहे! हा दौलतरावाचा शब्द आहे!"

टाळ्या पडल्या. भागुजीच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी दौलतराव बायकोला घेऊन आठ दिवसांसाठी देवदर्शनाला निघाले. यश मागायला. जाताना बंगल्याच्या किल्ल्या भागुजीच्या हातात देऊन म्हणाले, "मी येईपर्यंत गाव सांभाळ. कुणाचं काही अडलं तर मला विचारत बसू नको. माझा शब्द आठव आणि तसं कर."

ते गेले आणि त्याच दुपारी शाळेचं छप्पर फळ्यावर पडलं. पोरं जेवायच्या सुट्टीत बाहेर होती म्हणून वाचली. सोनटक्के गुरुजी हातात तुटकं कौल घेऊन पळत आले. "भागुजी, दर वर्षी अर्ज केला रे मी. आता पोरं कुठं बसवू?"

भागुजी म्हणाला, "जागा पक्की पायजे गुरुजी. चला, ठोकून बघू."

देवळाची भिंत ठोकली, पोपडे पडले. कचेरीचं छप्पर हलवलं, दोन पत्रे हातात आले. गेल्या वर्षी दौलतरावांच्या मेव्हण्यानं नवं समाजमंदिर बांधलं होतं. त्याची भिंत ठोकली तर भागुजीचा हात कोपरापर्यंत पलीकडं गेला. आतून एक कबुतर त्याच्या बोटांवर येऊन बसलं.

मग ते बंगल्यापाशी आले. भागुजीनं भिंत ठोकली. त्याचीच बोटं सुजली. गच्चीवर जाऊन छप्पर हलवलं. तो स्वतःच हलला, छप्पर हललं नाही.

"पक्कं हाय," तो म्हणाला. "आणि सरपंचांचा शब्दबी हाय. माझं घर ते तुमचं घर. आणा पोरं!"

गुरुजी म्हणाले, "अरे, पण ते भाषणात..."

"मग? त्यांनी शब्द दुसरीकडं कुठं दिलाय?"

गुरुजींनी पोरं आणली.

दिवाणखान्यात पहिली ते चौथी बसली. नर्सबाईंना कळलं, त्या पेटी घेऊन आल्या. त्यांना सरपंचांची निजायची खोली मिळाली. पलंग एवढा मोठा होता की तीन तापकरी आडवे मावले आणि चौथा पायथ्याशी बसला. वरच्या आळीच्या बाया आल्या. टँकर रोज येतच होता, बंगल्याच्या नळाला पाणी होतं. साळूबाईनं तोटी फिरवली, पाण्याकडं नुसती बघत राहिली आणि रडली. मग तिनं घागर लावली. भागुजीनं खडू घेऊन एकेका दारावर लिहिलं: शाळा. दवाखाना. पाणी.

चौथ्या दिवशी तालुक्याहून मोठे साहेब शाळा तपासायला आले. शाळेच्या जागी ढिगारा. पोरांचा पाढ्यांचा आवाज ऐकत ते बंगल्यात पोचले. त्यांनी सगळं बघितलं. "हे घर कुणाचं?"

"गावाचं," भागुजी म्हणाला. "सरपंचांनी दिलं. त्यांचा शब्द हाय."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी सांगितलेलं वर्तमानपत्रात छापून आलं: राहतं घर गावाला देणारा सरपंच. शेजारी दौलतरावांचा फोटो होता, हात जोडलेला.

दौलतराव परत आले तेव्हा वेशीवर ताशा वाजत होता. त्यांना वाटलं, निवडणुकीची हवा झाली. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं आणि बंगल्यापाशी आणून उतरवलं. आतून बे एके बे ऐकू येत होतं. गॅलरीत पोरांच्या लंगोट्या वाळत होत्या. दौलतरावांनी आपल्या दारावरचं 'दवाखाना' वाचलं. त्यांच्या बायको पायरीवरच बसल्या.

तालुक्याचे साहेब कागद घेऊन उभे होते. "दौलतराव, माझ्या सगळ्या नोकरीत असा माणूस पाहिला नाही मी. हे बक्षीसपत्र. तुमचा शब्द तर झालाच आहे, आता फक्त सही."

दौलतरावांनी लोकांकडं बघितलं. सगळा गाव होता. मतदानाला सहा दिवस होते. साळूबाई हातात आरतीचं ताट घेऊन होती, आणि तिनं तोंड उघडलं तर काय होईल ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी सही केली. टाळ्यांनी गच्ची दणाणली, पण हलली नाही.

गर्दी पांगल्यावर दौलतरावांनी भागुजीला बंगल्यामागं नेलं. त्यांचा एवढा मोठा आवाज, पण आता शेजारच्या भागुजीला ऐकू जाईल एवढाच उरला होता. "भागुजी, माझं घर दिलंस तू! आता मी राहू कुठं?"

"त्याची काळजी करू नका साहेब," भागुजी आनंदानं म्हणाला. "मी सगळं बघितलंय. तुम्हाला घर उरलं न्हाई, म्हंजे तुम्ही बेघर झालात. कालच तालुक्याला जाऊन सरकारी घरकुलाच्या यादीत तुमचं नाव घातलं."

दौलतराव भिंतीला टेकले. "कितवं?"

"तीनशे एक्केचाळिसावं. पण यादी सरकते साहेब. तुमच्या पाच वर्षांत एक घर झालंय की. तुमच्या मेव्हण्याचं."